ओल्या रेशमाची गाठ

कारंज्याच्या जैन बायकांनी आपलं सोनं माझ्या हाती दिलं ते माझ्या तोंडाकडे पाहून नव्हे. तोंड माझं कोणालाच कधी गोड लागलं नाही. दिलं ते गाठीकडे पाहून. आम्ही पटवे. सोनार मणी घडवतो, पण नुसते मणी म्हणजे हार नव्हे. ते रेशमात ओवायचे, मधे जरीची बोंडं गुंफायची, मानेमागे सरकगाठ बांधायची, म्हणजे हार पाहिजे तेव्हा गळ्याशी बसतो आणि पाहिजे तेव्हा छातीवर लोंबतो, हे काम आमचं. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून बसायचं आणि दोन्ही हातांनी गुंफत जायचं. माझे मालक वहाब अल्लाला प्यारे झाले तेव्हा लोक म्हणाले, आता पटव्याचं दुकान बसलं. दुकान बसलं नाही. इद्दतीचे चार महिने दहा दिवस सरले त्याच दिवशी मी अंगठ्याला रेशीम अडकवून बसले.

या धंद्यात एक अट होती. ती कोणी लिहून दिली नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होती. जैनांच्या घरचा दागिना बाई अंगावर घालून मंदिरात जाते. म्हणून त्याला जीव घेणारा हात लागायचा नाही. आम्ही मुसलमान, आमच्या घरी मटणाचं सालन शिजतं हे त्यांना माहीत होतं. पण बाजारातून आणून खाणारा वेगळा आणि आपल्या हातानं मारणारा वेगळा, असा हिशेब लखमीचंदशेठच्या हीराबाईनं लावला होता, आणि हीराबाईनं मान हलवली की पेठेतल्या सगळ्या बायका मान हलवत. मीही माझ्याकडून पाळत होते. ज्या दिवशी त्यांचं काम हातात, त्या दिवशी चुलीवर फक्त वरण. एवढ्यावर आमचं घर चाललं होतं. पेठ गेली असती तर मागे उरले असते काळे दोरे आणि पोरांचे करदोडे. त्यावर सात माणसांची चूल पेटत नाही.

आता गफ्फारचं सांगते. गफ्फार माझा धाकटा देवर. सासू गेली तेव्हा एवढासा होता, माझ्याच हाताखाली वाढला. पण अंगठ्याला रेशीम बांधून बसणं त्याला जमलं नाही. तो जंगलखात्याच्या एका साहेबाच्या छावणीवर तंबू ठोकायला गेला. साहेब विलायतेला परत चालला तेव्हा त्यानं गफ्फारला बक्षीस दिलं. घड्याळ नाही, कोट नाही, काठी दिली. बांबूच्या चिपा एकाला एक चिकटवून केलेली मासे धरायची लांब काठी, तिच्या बुडाशी पितळेची चकरी, चकरीवर दोरी, आणि पत्र्याच्या डबीत आकड्यांवर बांधलेली पिसं.

"याच्यानं मासा धरते?" मी विचारलं.

"हो, भाभी."

"पीस खाते मासा?"

"खात नाही. त्याले वाटते का काहीतरी जिवंत चाललं."

"मंग फसवणूकच झाली की. आमच्या पेठेत याले दुकानदारी म्हनतात."

तो हसला, पण काठी त्यानं सोडली नाही. दर शुक्रवारी नमाज झाली की इंझोरीकडे अडाण नदीवर. संध्याकाळी हात हलवत परत. पावसाळा उतरून पाणी निवळलं की जायचा, पार उन्हाळ्यात डोह आटेपर्यंत. दोन साल झाले, घरात एक खवला आला नाही. आमच्या घरात आपसात आम्ही मुसलमानी बोलतो, आणि त्या बोलीत जेवढे टोमणे आहेत तेवढे सगळे मी त्याला देऊन संपवले. मग मराठीतले सुरू केले.

एका दिवाळीनंतर तो डबी घेऊन माझ्यापुढे बसला. कसरीनं पिसं खाल्ली होती. काही आकडे नदीच्या खडकात अडकून गेले होते. डबीत नुसता भुसा.

"भाभी, तुमी बांधून द्या ना."

"मी? माशाचे दागिने?"

"जरी असते आत, रेशीम असते. पाहा, तुमचंच काम हाये."

उरलेलं एक पीस मी उलटून पालटून पाहिलं. कोण्या विलायती हातानं बांधलं होतं. इमानानं सांगते, काम चांगलं होतं. त्याचाच मला राग आला. आपल्यापेक्षा चांगलं काम पाहिलं की मला झोप येत नाही.

पहिलं पीस मी असं बांधलं की पाहत राहावं. मोराचा डोळा, वर जरीचे वेढे, शेपटीला लाल रेशमाचं बोंड. गफ्फारनं हातात घेतलं आणि उजेडात धरून फिरवत राहिला.

"काय झालं?"

"भाभी, हे माशासाठी हाये का नवरीसाठी?"

"मासा काय आंधळा हाये? चांगलं दिसलं तर येईन."

नाही आला. गफ्फार सांगत होता, ते पाण्यात पडलं की आजूबाजूची बारकी चिंगळीसुद्धा पळायची. मग मी जरी कमी केली. कोंबड्याच्या मानेचं तपकिरी पीस, पोटाला एकच जरीचा वेढा, बाकी साधं. माझ्या आयुष्यात मी एवढं साधं काम केलं नव्हतं. दागिना दिसावा म्हणून बांधतात. हे असं बांधायचं होतं की बांधलंय हेच दिसू नये.

मला पाहायचं होतं ते पाण्यात कसं चालतं. इंझोरीला करदोडे विकायला मी वर्षातून दोनदा जातेच, त्या निमित्तानं छकड्यात बसले. सगळं गाव फिरून, करदोडे संपवून दुपारी नदीवर गेले. अडाण तिथे वळण घेते. वर खडकांतून पाणी धावत येतं, खाली डोहात येऊन गप्प होतं. काठावर जगदेव भोई जाळं वाळवत बसला होता. त्याच्या टोपलीत मासे होते.

"या, कमरूबी," तो म्हणाला. "आता देवराबरोबर तुमीही पिसं नाचवाले आल्या? मी सकाळी एकदा जाळं टाकलं, हे पाहा टोपलं. हा गफ्फार दोन साल झाले पाण्याले वारा घालून राह्यला."

गावातल्या माणसासमोर घरच्या माणसाची बाजू घ्यावी लागते. "जगदेव, तुह्या जाळ्यात जो येते तो आंधळा येते," मी म्हटलं. "डोळस एखादा आहे का टोपलीत?"

"डोळस एक वडस मासा हाये त्या डोहात. सोन्यासारखे खवले, हातभर लांब. माह्यं जाळं दोनदा फाडलं त्यानं. पण तो पिसाले येत नाही, बी. तो पिसापेक्षा शहाणा हाये."

गफ्फार गुडघाभर पाण्यात उभा राहून दोरी फेकू लागला. आजवर मी त्याला हे करताना पाहिलं नव्हतं, घरून टोमणेच मारत होते. काठी मागे जायची, दोरी त्याच्या डोक्यावरून मागे लांब पसरायची, आणि मग तो थांबायचा. क्षणभर काहीच करायचा नाही. दोरी मागे पूर्ण ताणली गेली की मगच काठी पुढे. घाई केली की दोरी अंगावर गोळा. पीस पलीकडच्या खडकाशी अलगद पडायचं, वाहत खाली यायचं, आणि तो दोरी बोटांत धरून वाट पाहायचा. काही नाही. पुन्हा फेक. काही नाही. पुन्हा.

"कंटाळा नाही येत रे?" मी काठावरून ओरडले.

"येते ना."

"मंग काहून?"

त्यानं फेक संपू दिली, मग बोलला. "जाळ्यात मासा सापडते, भाभी. इथं तसं नाही. तो येते, पाह्यते, अन् मंग ठरवते. साहेब म्हने, हजार खेपा तो नाही म्हनते. पण दर खेपेले वाटते, आता ठरवून राह्यला."

हे ऐकून मी हसले नाही. का नाही हसले ते मला तेव्हा समजलं नाही. आयुष्यभर मी अशा कामात होते की हात चालवला की काम पुढे सरकतं. जितकं गुंफशील तितका हार. इथं दिवसभर हात चालवला तरी गुंफलेलं काहीच नाही, आणि पोट्टा तरीही उभा.

दोरीच्या टोकाला बारीक तात लागते, तिला पीस बांधतात. त्याच्याजवळची तात संपत आली होती. पुढच्या शुक्रवारासाठी मी रेशमाची दोरी वळून दिली, तीन पदरी पीळ, केसासारखी बारीक. तिला पीस बांधलं आणि दुसऱ्या बाजूला लोखंडाचा अडकित्ता टांगून पाहिला. हलला नाही. मग बत्ता टांगला. तोही धरला.

"हत्ती धरीन," मी म्हटलं. आणि हत्ती कसा धरते ते पाहायला पुन्हा छकड्यात बसले. या खेपेला करदोडेही घेतले नाहीत.

दुपार कलली तोवर गफ्फारचा खांदा दुखायला लागला. "भाभी, जरा धरा," म्हणाला, आणि काठावर पाय पसरून बसला. मी कपडे खोचले आणि पाण्यात उतरले. हसू नका. पन्नाशीची बाई होते, पण दोरी कशी ताणायची आणि कशी सैल सोडायची हे मला कोणी शिकवायला नको होतं. फेक माझी वाकडीच गेली. पीस खडकाच्या अलीकडेच पडलं. मी ते वाहू दिलं आणि सवयीनं दोरी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली.

पाणी दोरीतून बोटात येत होतं. कुठे जोर, कुठे ढिलाई, कुठे तळाचा गोटा घासला, सगळं कळत होतं. असं वाटलं की नदीच्या त्या काठापर्यंत माझी बोटं लांब झालीत.

मग दोरी थांबली. झटका नाही, हिसका नाही. नुसती थांबली, जसं कोणी दारामागे उभं राहावं आणि कडी वाजवू नये. आणि मग ती गेली. चकरी अशी किंचाळली की जगदेव जाळं टाकून उठला. काठी वाकून पाण्याला टेकायला आली.

"सोडा, भाभी! दोरी सोडा, जाऊ द्या त्याले!" गफ्फार धावत पाण्यात आला. "आता थांबला. आता घ्या, हळूहळू घ्या!"

"तू घे!"

"नाही! तुमच्याकडे आला तो, तुमीच घ्या!"

मी घेतलं. तो गेला. मी पुन्हा घेतलं. मला रडू येत होतं की हसू, सांगता येणार नाही. माझ्या हातातून सोनं गेलं आहे, पोवळं गेलं आहे, एकदा तर एका राणीसाहेबांचा चंद्रहार गेला आहे, पण हातात धरलेल्या दोऱ्यानं मला कधी उलट ओढलं नव्हतं. त्याला वजन होतं असं म्हणून काय सांगणार, बत्त्यालाही वजन असतं. याला मर्जी होती.

तेवढ्यात रस्त्यावरून लखमीचंदशेठची सरकीची गाडी चालली होती. गाडीवान रूपला उभा राहून ओरडला, "ओ कमरूबी! मासे मारून राह्यल्या काय? जोरात धरा!"

मी वळून पाहिलं नाही. मासा वळला, खालच्या खडकांकडे निघाला, एकदा अंगात जेवढं होतं तेवढं लावून त्यानं ओढलं, आणि दोरी हलकी झाली. काठी सरळ झाली. चकरी गप्प.

दोरी ओढून घेतली. टोकाला पीस नव्हतं. रेशीम मात्र तुटलं नव्हतं. अख्खं होतं, टोकाला नागमोडी, जिथे गाठ होती तिथे वळ्या उमटलेल्या. मी ते टोक बोटांत फिरवलं आणि मला समजलं. मी सरकगाठ बांधली होती. हाताला दुसरी येतच नाही. आमची गाठ बाईनं रोज सैल करावी, रोज घट्ट करावी, अशीच असते. न सुटणारी गाठ पटव्याच्या कामाची नाही. आणि रेशीम ओलं झालं की ती गाठ सरकते, म्हणून तर मी प्रत्येक बाईला हार देताना बजावते, आंघोळीच्या आधी काढून ठेव. साऱ्या पेठेला सांगितलं आणि नदीत दोरी टाकताना मलाच आठवलं नाही. कोरड्या बत्त्यावर परीक्षा घेतली.

गफ्फारनं माझ्या हातून काठी घेतली. त्यानं मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्याच दिवशी हीराबाईचं बोलावणं आलं. तिच्या जावेच्या, गुलाबबाईच्या लेकीचं लग्न धरलं होतं, आणि त्याच्या दागिन्यांची पेटी आज-उद्या माझ्याकडे यायची होती. मी समजले. रूपलाच्या तोंडाला झाकण नाही.

ओसरीवर दोघी बसल्या होत्या, पेटी मधे. रोज मला बसायला पाट देत, त्या दिवशी दिला नाही. मी उभीच राहिले. बसा म्हटल्याशिवाय बसणारी मी नव्हे.

"कमरूबी," हीराबाई म्हणाली, "रूपला काय सांगून राह्यला? तू नदीवर मासे मारत होती?"

"मासा धरत होते."

"धरला?"

"लागला होता. गेला."

गुलाबबाई मनानं मवाळ. तिला लेकीचा हार माझ्याच हातचा पाहिजे होता. ती लगेच पुढे सरकली. "मंग झालं ना! सोडून देल्ला तिनं. मी म्हनतच होती. हाती आलेला जीव सोडला म्हनजे अभयदानच की, पाप कुठचं, उलट पुण्य. हो ना वं कमरूबी? सोडला ना तू?"

हीराबाईही माझ्याकडे पाहू लागली. तिलाही तेच ऐकायचं होतं, मला दिसत होतं. एक 'हो' म्हणायचं होतं. पेटी माझी होती, पेठ माझी होती. वरून चार मंदिरांत माझं नाव निघालं असतं, की पाहा, मुसलमानाची बाई आणि केवढी दया.

पण ती ओढ माझ्या बोटांतून अजून गेली नव्हती. तो मासा माझ्या दयेनं सुटला नव्हता. तो आपल्या जोरावर सुटला होता. त्याचं ते मी माझ्या नावावर कसं घेऊ? आणि मला तो पाहिजे होता. जगात त्या घडीला मला दुसरं काही नको होतं.

"सोडला नाही," मी म्हटलं. "मले पाहिजे होता. माह्यी गाठ सरकली."

गुलाबबाईचा हात पेटीवर गेला. "तुह्यी गाठ? सरकली?"

आता पाहा माझी फजिती. एका वाक्यात मी दोन्ही घालवलं होतं, हाताची पवित्रताही आणि गाठीचं नावही.

"ओली होती," मी म्हटलं.

हीराबाईच्या ओठाचा एक कोपरा हलला. "आमाले तर सांगते, आंघोळीच्या आधी काढून ठेवा."

"तुमाले सांगते. माशाले सांगाले विसरली."

गुलाबबाई फसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. हीराबाई हसली नाही. थोडा वेळ ती पेटीवरच्या कडीशी बोटानं खेळत राहिली. मग म्हणाली, "कमरूबी, तू खोटं बोलली असती तर मी मानलं असतं. आता खरं ऐकल्यावर मले पेटी देता येत नाही. लग्नाचं काम अमरावतीच्या पटव्याकडे जाईन. बाकीच्या घरचं ज्याचं त्यानं पाहावं, मी कोणाले 'नको' म्हनणार नाही. पण 'हो' सुदा म्हनणार नाही."

मान हलली नाही म्हणजे काय होतं हे मला ठाऊक होतं. पुढच्या महिन्यात निम्मी पेठ गेली. गुलाबबाई तेवढी मागल्या दारानं पोरांच्या हातातल्या बिंदल्या ओवायला पाठवीत राहिली. पण ते पुढचं. त्या दिवशी मी "ठीक हाये" म्हटलं आणि निघाले. विनवण्या मी कोणाच्या केल्या नाहीत.

पायरीशी चपला शोधत होते तर मागे बांगड्या वाजल्या. हीराबाई उंबऱ्याशी आली होती, एकटी. पटविणीला पोचवायला शेठाणी दारापर्यंत येत नसते. तिनं आत एकदा वळून पाहिलं, मग आवाज बारीक केला.

"किती मोठा होता वं?"

मी तिच्याकडे पाहिलं. जन्मात तिनं मुंगीवर पाय दिला नसेल. पाणीसुद्धा गाळून पिणारी बाई.

"दिसलाच नाही, बाई," मी म्हटलं. "पाण्याच्या वर आलाच नाही. नुसता हाताले समजला."

"म्हनजे कसा?"

मी तिचा हात मागितला. तिनं तो पुढे केला, आणि मी माझ्या ओढणीचं टोक तिच्या चिमटीत दिलं. दुसरं टोक मी धरलं. आधी नुसतं ताणून ठेवलं. मग थांबले. बराच वेळ थांबले, इतका की ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली. आणि मग ओढलं.

तिनं सोडलं नाही. उलट बोटं घट्ट झाली. लहान पोरीसारखी ती एक पाऊल पुढे आली आणि मग तिचं तिलाच समजलं. ओढणी तिनं हळूच सोडली, हात पदरात घेतला.

"पुन्हा जाशीन?" तिनं विचारलं.

"जाईन," म्हटलं. खोटं बोलायचं असतं तर आतच बोलले असते.